घर बांधताना पैसा कामाच्या मागे चालावा



1972 साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. त्या काळात ज्यांनी संकलन केंद्रावर रात्र रात्र बैलगाड्या उभ्या केल्या, त्यांना एक गोष्ट पक्की आठवत असेल. कापूस आधी जायचा आणि पैसा मागाहून, हप्त्याहप्त्याने यायचा. मधल्या काळाचे व्याज आपण सोसायचो. त्याविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो. पण तोच शेतकरी घर बांधायला निघाला की नेमका उलटा व्यवहार करतो. पैसा आधी देतो आणि काम मागाहून, तुकड्यातुकड्याने घेतो. माल विकताना उधारी आपली, काम घेताना उचलही आपलीच. दोन्हीकडून बूड आपलेच.

कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा कापूस विकल्यावर हातात येतो. म्हणून संक्रांतीपासून मृगापर्यंत सगळ्या गावांत एकदमच बांधकामे निघतात. ठेकेदार या काळात चार-पाच ठिकाणी उचल घेतो. प्रत्येक ठिकाणी पाया खोदून ठेवतो, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जायला नको. मग जिथे पैसा खुळखुळतो तिथे माणसे लावतो. बाकीच्यांच्या पायात मृगाचे पाणी साचते.

मग भरवशाचा माणूस ओळखायचा कसा? सोयरा आहे, जातीचा आहे, गोड बोलतो, ही ओळख नव्हे. गेल्या महिन्यात रंग दिलेले घर तर पाहूच नका. त्याने बांधलेले, तीन पावसाळे खाल्लेले, आपल्यासारख्याच काळ्या जमिनीवरचे घर पाहा. दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत का ते बघा. स्लॅब गळतो का, हे त्या घरच्या बाईला विचारा. घरधनी भिडेखातर खोटे बोलेल, भांडी मांडून रात्र काढणारी बाई बोलणार नाही.

दुसरी परीक्षा पायाची. जी काळी आपला कापूस पिकवते तीच घराची वैरीण आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि तिच्याबरोबर पाया हलतो. पाया मुरमाला लागला पाहिजे आणि जोत्याला सळईचा बांध पाहिजे. मुरूम फार खोल असेल तर बुंध्याशी फुगीर केलेले खांब जमिनीत उतरवण्याची पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काढलेली आहे. तिथे इंजिनियरचा सल्ला घ्यावा. खड्डा घेऊन माती न पाहता जो चौरस फुटाचा भाव सांगतो, त्याला नमस्कार करावा आणि उठावे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरचे मातीचे ओझे यांनी बहुतेकांना झोपेत गाडले. घर कसे बांधले जाते याची चौकशी करणे ही चैन नाही, जिवाची गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट मापाची. काट्यावर मापारी पासंग मारतो म्हणून आपण भांडतो, पण दारात आलेली वाळू मोजत नाही. ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉली 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि दीड फूट उंच असेल तर ती काठोकाठ भरूनही 90 घनफूटच होते. दहा ट्रॉल्यांमागे एक ब्रास गेला. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वरच भरते, 8 मिलिमीटरची पावणेपाच किलो. चार सळया काट्यावर टाकून पाहा.

चौथी गोष्ट पाण्याची. कडक उन्हात काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी हवे. एप्रिलमध्ये विहीर आटत असेल तर स्लॅब फेब्रुवारीतच पडला पाहिजे. पाणी कोणी मारायचे आणि टँकर लागला तर पैसे कोणाचे, हे आधी ठरवा.

आता भावाचा प्रश्न. आम्ही म्हणतो, शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळाला पाहिजे. तोच न्याय मिस्त्रीलाही लागू आहे. तोही बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा. सर्वांत कमी भाव सांगणारा एकतर हिशेब न येणारा असतो, नाहीतर सिमेंटात हात मारणारा. खर्चाखाली राबणारा माणूस बुडतो किंवा बुडवतो. म्हणून भाव घासू नका, हिशेब मागा. सिमेंट किती पोती, लोखंड किती किलो, मजुरी किती, हे कागदावर मांडून देतो तो माणूस निम्मा पास झाला.

उरलेली निम्मी परीक्षा आपल्या हातात आहे. पैसा नेहमी कामाच्या एक पाऊल मागे ठेवा. जोते झाले की त्याचा हप्ता, भिंती झाल्या की त्याचा, मग स्लॅब, मग गिलावा. दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा, पण हे आधी लिहून ठेवा आणि झालेल्या कामाचा पैसा ठरल्या दिवशी द्या. आपणच थकवला तर मिस्त्री दुसऱ्याच्या कामावर जाईल, आणि त्याचे चुकणार नाही.

हे सारे कागदावर हवे, दोन साक्षीदारांसह. 1993 साली ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवे'त घरबांधणी घातली गेली आणि 2019 च्या नव्या कायद्यातही ती आहे. कागद असेल तर फसवणुकीनंतर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. रेरा कायदा विक्रीसाठी उभारलेल्या प्रकल्पांचा आहे. आपल्या जागेवर आपले घर बांधणाऱ्याला ते दार नाही. घरकुलवाल्यांनी तर जास्तच सावध राहावे. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली बांधायचे आहे. पासबुक आणि अंगठा ठेकेदाराकडे ठेवण्याचा नियम कुठेही नाही.

हे एकट्याने जमत नाही, कारण अडलेला माणूस एकटा असतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन नावे आणावीत: ज्याचे काम तीन पावसाळे टिकले असे मिस्त्री. ज्या गावांत उचल घेऊन पाया उघडा टाकला गेला त्यांनी तेही सांगावे. आयुष्यात एकदाच घर होते, तेही पडेल भावातून वाचवलेल्या पैशाचे. त्याचा हिशेब मागायला लाजायचे कारण नाही.