चाक बोलूं लागलें म्हणजे

घरांत कोणाचा खोकला आठ दिवस टिकला तर आपण वैद्याकडे जातों. पण मोटारीचा एखादा आवाज महिनोन् महिने चालला, तरी "जुनी गाडी, ती आवाज करावयाचीच" असें म्हणून सोडून देतों. या खेपेस चाकांतील बेअरिंगविषयीं लिहावयाचें आहे. कारण त्याच्याकडे केलेलें दुर्लक्ष केवळ खिशावर नव्हे, तर प्रसंगीं जिवावरहि बेततें.

आमचे धाकटे काका सांगलीस राहतात. त्यांची मारुति ८०० गाडी बरीच जुनी आहे. १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेल्या या जातीच्या गाड्या २०१४ च्या जानेवारींत बनावयाच्या थांबल्या. तरी त्यांपैकीं कितीएक अजून घरोघर सेवेला आहेत. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळीं पाणी ५७ फुटांवर गेलें. काकांची गाडी उंचवट्यावर असल्यानें पाणी चाकांच्या मध्यापर्यंतच चढलें, पण दोन दिवस तेथेंच राहिलें. पूर ओसरल्यावर गाळ धुतला, गाडी लगेच सुरू झाली, आणि "इंजिन वांचलें" म्हणून सर्वांनीं समाधान मानलें. चाकांची आठवण कोणासच झाली नाहीं.

मार्गशीर्षांत आवाज सुरू झाला. ताशीं ४० किलोमीटरपर्यंत कांहीं नाहीं, त्यापुढें भुंग्यासारखी गुणगुण आणि ६० वर स्पष्ट घरघर. मागच्या बैठकीवरून काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या पाठीशीं कोणी जातें दळीत बसलें आहे काय?" काकांनीं गाडी एके ठिकाणीं दाखविली. तेथें टायर झिजल्याचें निदान होऊन मागचे दोन्ही टायर बदलले गेले. घरघर मात्र होती तशीच राहिली. माघांत साताऱ्यास आमच्या पुतण्याची मुंज होती व त्यासाठीं काका-काकूंना त्याच गाडीनें आणावयाचें होतें. म्हणून मी सांगलीस गेलों.

आष्ट्याच्या रस्त्यावर मोकळी जागा पाहून आम्हीं गाडीलाच तीन प्रश्न विचारले. पहिला: आवाज इंजिनाचा कीं चाकाचा? वेग असतांना क्षणभर क्लच दाबला. इंजिन मंदावलें, पण घरघर कमी झाली नाहीं. अर्थात् ती चाकाच्या गतीशीं बांधलेली होती. दुसरा: टायरचा कीं बेअरिंगचा? टायरचा आवाज रस्त्याची जात बदलली कीं बदलतो. हा डांबरी रस्त्यावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर सारखाच राहिला. तिसरा: कोणत्या बाजूचा? गाडी उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकांवर जातो, डावीकडे वळतांना उजव्या. आमची घरघर उजव्या वळणावर वाढे आणि डाव्या वळणावर निवे. काकूंच्या जात्याची साक्ष मागची होतीच. तेव्हां संशय डाव्या मागच्या चाकावर आला.

संशय म्हणजे पुरावा नव्हे. घरीं येऊन पुढच्या चाकांस दगडांची अडण लावली, जॅकनें मागची बाजू उचलली आणि खालीं लोखंडी घोडी दिली. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात किंवा डोकें कधींहि घालूं नये. हातब्रेक सैल करून चाक वरून व खालून धरून हलविलें, किंचित् खडखडलें. नंतर तें हातानें फिरवून काकांना कमानीच्या धातूवर बोटें ठेवावयास सांगितलें. क्षणभरानें ते म्हणाले, "अरे, वाळू भरल्यासारखें लागतें!" उजव्या चाकाशीं असें कांहीं जाणवलें नाहीं. निदान पक्कें झालें.

बेअरिंग म्हणजे काय, हें बैलगाडीवरून समजेल. गाडीचा तुंबा आसावर घासत फिरतो, म्हणून त्याला वंगण लागतें. घासण्याच्या जागीं लोळण आणली तर श्रम पुष्कळ वांचतात. दोन पोलादी कड्यांमध्यें गुळगुळीत खोबणी व तींत छर्रे, एवढीच ती युक्ति. वेल्समधील फिलिप व्हॉन यानें गाडीच्या आसासाठीं अशा छर्ऱ्यांचें पेटंट १७९४ मध्यें घेतलें. पण खोबणीचा गुळगुळीतपणा हेंच या वस्तूचें सर्वस्व. तेथें गंजाचा एक बारीक खळगा पडला, कीं प्रत्येक छर्रा त्यांत आपटून जातो. ते असंख्य ठोके मिळून घरघर होते. पुढें खळगे वाढतात, उष्णता वाढते, ढिलाई येते, आणि शेवटीं चाक डगमगूं लागतें किंवा अडकतें. घाटाच्या उतारावर तें घडलें तर काय होईल, हें सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं एका अनुभवी मिस्त्रींना घरीं बोलाविलें. चाक काढलें, मधली टोपी काढून कॉटर पिन व नट सोडविला, ड्रम ओढून काढला. ब्रेकची धूळ त्यांनीं फुंकली नाहीं, ओल्या फडक्यानें पुसली; ती छातींत जाणें बरें नव्हे. ड्रमांत दोन बेअरिंगें व त्यांमध्यें एक नळी असते. आंतलें ग्रीस मधासारखें असावयाचें, तें ताकासारखें पांढुरकें झालें होतें. पुराचें पाणी सील ओलांडून आंत गेलें होतें आणि चार महिने आपलें काम करीत होतें.

नवीं बेअरिंगें बसवितांना मिस्त्रींनीं जी काळजी घेतली, ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ड्रममध्यें बेअरिंग घट्ट बसतें तें बाहेरच्या कड्यानें. म्हणून दाबहि त्याच कड्यावर, तेवढ्या मापाच्या नळीनें, सरळ दिला पाहिजे. आंतल्या कड्यावर हातोडा मारला तर तो धक्का छर्ऱ्यांतून जातो, खोबणींत खाचा पडतात, आणि नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं जुनें होतें. मधली नळी विसरावयाची नाहीं, सील नवें घालावयाचें, ग्रीस कोंबून भरावयाचें नाहीं, ब्रेकच्या पट्ट्यांस त्याचा स्पर्श होऊं द्यावयाचा नाहीं. नट गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या ताणानें आवळावा आणि कॉटर पिन दर वेळीं नवी घालावी.

येथें काकांनीं विचारलें, "आतां झालें ना? उजवें तर आवाज करीत नाहीं." मिस्त्री म्हणाले, "काका, पाणी एकाच चाकाला लागलें होतें काय?" उजवा ड्रम उघडला, तेथेंहि ग्रीस पांढुरकें आणि खोबणीवर गंजाचे तांबूस ठिपके दिसले. तें चाक अजून बोललें नव्हतें, एवढेंच. तींहि बेअरिंगें बदललीं. पुढच्या बेअरिंगांना काढाघालीसाठीं दाबयंत्र लागतें, म्हणून तीं कारखान्यांत तपासून घेतलीं. सुदैवानें चांगलीं निघालीं.

हें काम प्रत्येकानें स्वतः करावें असें माझें म्हणणें नाहीं. परंतु तीन प्रश्न विचारणें कोणासहि जमण्यासारखें आहे. काम दुसऱ्याकडून केलें, तर काढलेलें बेअरिंग परत मागून घ्यावें, बोटांनीं फिरवून पाहावें आणि तें कशानें बिघडलें हें विचारावें. कारण न शोधतां केलेली दुरुस्ति म्हणजे ताप न पाहतां दिलेलें औषध होय. आणि कृष्णाकांठच्या वाचकांस विशेष सांगणें असें कीं, पुराचें पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढलें असेल, तर आवाजाची वाट न पाहतां चारही चाकें तपासून घ्यावीं.

मुंजीच्या आदल्या दिवशीं पेठ नाक्यावरून कऱ्हाडमार्गें आम्हीं साताऱ्यास आलों. निघतांना नव्यानें आवळलेले चाकांचे नट वाटेंत थांबून एकदां पुन्हां पाहिले. काकू मागें बसल्या होत्या. उंब्रजच्या पुढें वळून पाहिलें, तों त्यांना गाढ झोंप लागली होती.