लागवडीआधी करार हवा

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ग्रामस्थ औषधी वनस्पतींची लागवड करण्यास राजी होतील काय, अशी शंका शहरात वारंवार व्यक्त होते. आम्हांस ती अनाठायी वाटते. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून ती वनधन योजनेतून विकली आणि २०२१ साली औषध कंपन्यांकडून सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी मिळविली. राजीखुशीचा याहून निराळा पुरावा कोणता हवा?

मात्र रानातली वेल तोडणे वेगळे आणि ती लावणे वेगळे. भात चार-पाच महिन्यांत घरात येते. शतावरीची मुळे काढण्याजोगी होण्यास दीड-दोन वर्षे लागतात. वरकस जमिनीत नाचणी-वरई पिकवून पोट भरणाऱ्याने, भाव ठरलेला नसताना, ते धान्य सोडून मुळ्यांची वाट पाहत बसावे ही अपेक्षा शहाणपणाची नव्हे. कातकऱ्याची अडचण तर त्याहून मूलगामी आहे. अनेकांच्या नावावर जमीनच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचा पट्टा हाती पडेपर्यंत त्याने लावावयाचे तरी कोठे?

सबब कंपन्यांनी लावणीपूर्वी भावाचा लेखी करार करावा आणि सरकारने पट्ट्यांचे दावे निकाली काढावेत. मधल्या काळासाठी उचलही द्यावी लागेल. तानसा-भातशाचे पाणी पिणाऱ्या मुंबईकरांस कदाचित ठाऊक नसेल, पण पावसाळा सरताच अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवाल्याची उचल फेडण्यासाठी गाव सोडतात. नवी उचल त्या जातीची असता कामा नये. ती पिकातून, ठरल्या भावानेच वळती व्हावी.