आळस नव्हे, घड्याळ

ईशान्येचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतं, ‘तिकडची माणसं फार निवांत. संध्याकाळ झाली की सगळं सामसूम.’ आसामी माणसं स्वतःही ‘लाहे लाहे’, म्हणजे हळूहळू, असं म्हणत स्वतःची थट्टा करतात. ती त्यांनी जरूर करावी. पुण्या-मुंबईत बसून आपण केली की मला राग येतो. कारण ज्याला आपण तिथला स्वभाव म्हणतो, त्यातलं बरंचसं आपल्याच घड्याळाने त्यांच्यावर लादलेलं आहे.

द्वारका आणि दिब्रुगढ घ्या. एक अरबी समुद्राकाठी, दुसरं ब्रह्मपुत्रेकाठी. मध्ये सुमारे 26 रेखांश. एका रेखांशाला 4 मिनिटं, या हिशेबाने दिब्रुगढचा सूर्य द्वारकेच्या जवळजवळ पावणेदोन तास पुढे धावतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश पूर्व रेखांशाचं.

आता ऑफिस दोन्हीकडे दहाला उघडतं असं धरा. जूनमध्ये द्वारकेत सहा वाजून गेल्यावर उजाडतं, दिब्रुगढला सव्वाचारच्या सुमारास. म्हणजे द्वारकेचा कारकून सूर्योदयानंतर चारेक तासांनी खुर्चीत बसतो आणि दिब्रुगढचा पावणेसहा तासांनी. डिसेंबरात दिब्रुगढचा सूर्य सव्वाचारच्या आसपास मावळतो, द्वारकेचा सहानंतर. एकाला ऑफिस सुटल्यावर समुद्रावर फिरायला उजेड उरतो, दुसरा दिवे लावून काम संपवतो आणि काळोखात घरी जातो. मग आपण ठरवतो, द्वारकेत संध्याकाळी रौनक असते आणि दिब्रुगढ लवकर झोपतं! पटत नसेल तर फोनमधलं हवामानाचं ॲप उघडा आणि दोन्ही गावांचा सूर्यास्त बघा.

गंमत म्हणजे ज्यांना आळशी म्हणतात, त्यांनीच यावर उपाय काढून ठेवलाय. आसामच्या चहामळ्यांत ब्रिटिश काळापासून ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. पानं खुडायची तर उजेड लागतो, एवढा साधा व्यवहार. मळ्याच्या मालकाला जे कळलं, ते सरकारला अजून कळायचंय.

‘एक देश, एक वेळ’ असं म्हणणाऱ्यांना मी मुंबईची आठवण करून देईन. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईने ती मुकाट्याने घेतली नाही. 39 मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ शहरात पुढे कित्येक दशकं चालली. आज त्याला कोणी फुटीरपणा म्हणत नाही, आपण तो किस्सा कौतुकाने सांगतो. आसामने तेच मागितलं की मात्र देशाची एकता धोक्यात येते. आणि विसंगती बघा: ढाका दिब्रुगढच्या पश्चिमेला आहे, तरी ढाक्याचं घड्याळ दिब्रुगढच्या अर्धा तास पुढे!

रेल्वेचा गोंधळ होईल, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण त्याचंही उत्तर आहे. 2018 साली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दोन वेळा सुचवल्या, ईशान्येची एक तास पुढे. सीमा अशा चिंचोळ्या भागात आखली की रेल्वेची वेळ बदलावी लागेल ती दोनच स्थानकांवर, न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार. दोन स्थानकांची कटकट की लाखो माणसांचा रोजचा उजेड, निवड एवढीच आहे.

माझं मत स्पष्ट आहे: ईशान्येला तिची वेळ द्या. ती मिळेपर्यंत निदान आपण एक करू शकतो. टीममधलं कोणी दिब्रुगढला असेल, तर डिसेंबरात संध्याकाळी सहाची मीटिंग लावू नका. तिथे अंधार पडून दीड-पावणेदोन तास झालेले असतात. आणि त्याने जांभई दिली, तर त्याचा संबंध त्याच्या गावाच्या स्वभावाशी जोडू नका.