कॉपी-पेस्ट म्हणजे कॉन्फिगरेशन नव्हे!

तुमच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये डेव्ह, एसआयटी, यूएटी आणि प्रॉड अशा चार कॉन्फिग फायली आहेत ना? मग एक काम करा. डेव्ह आणि प्रॉडची फाइल शेजारी शेजारी ठेवून डिफ काढा. समजा दोनशे ओळी आहेत. त्यातल्या खरोखर वेगळ्या असायला हव्यात अशा किती? डेटाबेसचा पत्ता, मेल सर्व्हर, एसएमएस गेटवे, लॉगची पातळी... फार तर दहा. बाकी सगळा कंट्रोल-सी, कंट्रोल-व्हीचा प्रताप. आणि त्या बाकीच्यांतही पाच-सहा ओळी वेगळ्या निघतील, पण का ते कोणीच सांगू शकणार नाही. ज्याने बदलल्या तो केव्हाच पेपर टाकून गेलेला असतो!

या प्रकाराला आपण "एन्व्हायर्नमेंट सेपरेशन" असं भारदस्त नाव दिलंय. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे. सातबाऱ्याचा फेरफार करताना तलाठी जे बदललं तेवढंच नोंदवतो, अख्ख्या गावाचं दप्तर पुन्हा लिहीत नाही. एवढी अक्कल आपल्याला नको?

बरं, सोय नाही म्हणावं तर तसंही नाही. रेल्समध्ये सामाईक सेटिंग एकीकडे आणि डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शनचे फरक दुसरीकडे, ही पद्धत जुनी आहे. डॉट नेटवाल्यांना व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून वेब कॉन्फिगची ट्रान्सफॉर्मेशन्स मिळाली. स्प्रिंग बूटमध्ये मूळ फाइलवर प्रोफाइलची फाइल चढते, तिच्यात फक्त फरक लिहायचा. तरी आपण प्रॉडची अख्खी फाइल उचलून यूएटी म्हणून सेव्ह करतो.

परिणाम काय होतो? मी काम केलेल्या एका प्रोजेक्टमध्ये यूएटीची फाइल अशीच प्रॉडवरून बनवली होती. एसएमएस गेटवेचा पत्ता बदलायचा राहिला. टेस्टिंगसाठी डेटाही प्रॉडचाच आणलेला, खऱ्या मोबाइल नंबरांसकट (हा आणखी एक गुन्हा, त्यावर पुन्हा कधीतरी). शनिवारी संध्याकाळी वेळेवर हप्ते भरणाऱ्या लोकांना "आपला हप्ता थकला आहे" असे मेसेज गेले. सोमवारी मीटिंगमध्ये झापलं कुणाला? सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराला. "यूएटीची फाइल प्रॉडवरून कॉपी कर" असं त्याला सांगणारे साहेब मान हलवत शेजारीच बसले होते.

आपल्याकडे हिंजवडी-खराडीत तर आणखी एक गंमत. प्रॉडची फाइल बऱ्याचदा क्लायंटच्या ऑप्स टीमकडे असते, आपल्याला दिसतच नाही. आपण नवीन सेटिंग घालतो आणि रिलीज नोटच्या एक्सेलमध्ये कुठेतरी चौतिसाव्या ओळीत लिहितो. तिकडचा माणूस ते विसरतो, कोड गुपचूप डीफॉल्ट उचलतो आणि मग रात्री दोनला फोन.

पासवर्ड फाइलमध्ये लिहून रिपॉझिटरीत टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावं! रिपॉझिटरी प्रायव्हेट आहे ना, मग काय बिघडलं? २०१६ मध्ये उबरचा कोडही गिटहबवर प्रायव्हेटच होता. चोरांना तिथे ॲमेझॉनच्या क्लाउडची चावी मिळाली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीने ते जाहीर केलं २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये.

२०११ च्या सुमारास हेरोकूच्या मंडळींनी "ट्वेल्व्ह फॅक्टर ॲप" लिहिलं. त्यातली कसोटी मला फार आवडते: तुमचा कोड या क्षणी जगाला खुला केला, तर एखादं गुपित फुटेल का? पण सगळंच कॉन्फिग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये कोंबा, हा त्यांचा हट्ट मला पटत नाही. ऐंशी व्हेरिएबल्स कुठल्यातरी सर्व्हरवर हाताने भरलेली असतील, तर त्यांचा डिफ कोण आणि कसा काढणार? टाइमआउट, पेज साइज, फीचरचे फ्लॅग खुशाल फाइलमध्ये ठेवा. तिथे निदान कोणी, कधी बदललं ते दिसतं. गुपितं तेवढी बाहेर काढा.

आणि एखादी आवश्यक किंमत सापडली नाही, तर ॲप्लिकेशनने सुरूच होऊ नये. नाव घेऊन ओरडावं आणि बंद पडावं. "प्रॉडवर ॲप चढलंच नाही तर?" असं मॅनेजर हमखास विचारतो. नाही चढलं तर जुनं चालू ठेवा. गिऱ्हाइकांना खोटे मेसेज जाण्यापेक्षा ते परवडलं.