मुरगळलेल्या पायाचें शिक्षण

गेल्या तीन अंकांत आमच्या या सदरानें दडी मारली, तेव्हां कित्येक वाचकांनीं आपुलकीनें पत्रें लिहून विचारपूस केली. त्या सर्वांचे आभार मानून सांगावयाचें तें इतकेंच कीं, कारण अगदीं क्षुल्लक होतें. आमचा डावा पाय मुरगळला होता. लेख हातानें लिहावयाचा, त्यास पायाची काय गरज, असें कोणी म्हणेल. व तें खरेंही आहे. परंतु ज्याची सकाळ आठवड्यांतून चार दिवस सायकलीवर आणि दोन दिवस तळजाईच्या टेकडीवर धावण्यांत जाते, त्यास उशीवर पाय ठेवून खाटेवर बसविलें म्हणजे त्याचें डोकेंही जागेवर राहत नाहीं, हा अनुभव आम्हांस या वेळीं आला. या तीन महिन्यांत जें शिकलों तें वाचकांपुढें मांडावें, म्हणजे न लिहिलेल्या लेखांची कांहीं अंशीं भरपाई होईल.

पावसाळा सरून टेकडीवरील वाटा नुकत्याच वाळल्या होत्या. उतारावर एक सुटा दगड पायाखालीं आला, पाऊल आंतल्या बाजूस वळलें आणि सारा भार घोट्याच्या बाहेरच्या कडेवर आला. घरीं पोंचेपर्यंत तेथें लिंबाएवढी सूज चढली होती.

आमच्या घरीं माणसें नऊ, आणि प्रसंग पडला म्हणजे वैद्यही नऊच. आत्यांनीं आंबेहळद व रक्तचंदन उगाळावयास घेतलें. वडील बंधूंनीं आपल्या तरुणपणच्या एका हाडवैद्याची आठवण काढली; तो एक हिसडा देऊन पाय जागेवर बसवीत असे, असें त्यांचें म्हणणें. पुतण्यानें बर्फ आणला. धाकट्या पुतणीनें पायाळू माणूस शोधण्याची सूचना केली. तो तोडगा पाठींत भरलेल्या उसणीवरचा आहे, पायावरचा नव्हे, असें आत्यांनीं तिला गंभीरपणें समजावून सांगितलें. वहिनींनीं कांहींच सांगितलें नाहीं. मात्र त्या दिवसापासून आमचा चहा, नाश्ता आणि जेवणाचें ताट बिनबोभाट माडीवर येऊं लागलें.

लेपाविषयीं आमची तक्रार नाहीं. त्यानें कातडीस बरें वाटतें व लावणाराच्या मनास समाधान होतें. फाटलेला बंध मात्र त्यानें शिवला जात नाहीं. हिसडा देणें आणि ताज्या दुखापतीवर जोरानें चोळणें यांची गोष्ट निराळी. हाड मोडलेलें असल्यास त्यापासून मोठा अपाय होतो. म्हणून पहिला प्रश्न असा कीं, हाड मोडलें आहे कीं काय? कॅनडांतील ओटावा शहरीं स्टील नांवाच्या डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं याविषयीं जे नियम बसविले, ते आज देशोदेशीं वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंस हाडांचीं जीं टोकें हातास लागतात, त्या टोकांवर किंवा तेथून वर सहा सेंटिमीटरपर्यंत त्यांच्या मागील कडेवर दाबल्यास दुखत असेल, अथवा दुखापत होतांच आणि पुढें डॉक्टरांसमोरही चार पावलें टाकतां येत नसतील, तर क्ष-किरणांचें चित्र काढावें. पावलाच्या मधल्या भागासाठींही असेच नियम आहेत. आम्हीं लंगडत कां होईना, चार पावलें टाकलीं. डॉक्टरांनीं बोटांनीं दाबून पाहिलें आणि चित्राशिवायच निदान केलें. हाड शाबूत होतें. बंध ताणून अंशतः फाटला होता.

घोट्याच्या बाहेरच्या अंगास असे तीन बंध असतात. पाऊल आंत वळलें म्हणजे त्यांतील पुढचा बंध प्रथम ताणला जातो, आणि बहुधा इजा होते ती त्यासच. विश्रांति, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंच ठेवणें ही उपचाराची चतुःसूत्री गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनीं १९७८ सालीं आपल्या पुस्तकांत मांडली, व ती घरोघर पोंचली. त्याच गृहस्थांनीं तीन तपांनंतर आपलें मत बदलून, बर्फ आणि संपूर्ण विश्रांति यांमुळें बरें होण्यास उलट उशीर लागूं शकतो, असें उघडपणें लिहिलें. आपल्याच सूत्रास स्वतः मुरड घालणारा वैद्य विरळा; म्हणून त्यांच्याविषयींचा आमचा आदर वाढला. बर्फानें पहिल्या एकदोन दिवसांत वेदना कमी होतात, तेवढाच त्याचा उपयोग धरावा. पहिले दोनतीन दिवस पायास जपावें, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा. आणि मग सोसेल तेवढा भार देऊन चालूं लागावें, असें आमच्या डॉक्टरांनीं सांगितलें.

तिसऱ्या आठवड्यांत सूज ओसरली, दुखणें थांबलें, आणि आम्ही धावण्याचे बूट शोधूं लागलों. येथेंच आमच्यासारख्या बहुतेकांची चूक होते. दुखणें थांबलें म्हणजे पाय बरा झाला, असें आपण समजतों. वस्तुतः फाटलेला बंध भरून त्यास पूर्वीचा चिवटपणा येण्यास कित्येक महिने लागतात. शिवाय बंध म्हणजे नुसती दोरी नव्हे. त्यांत मज्जातंतूंचीं टोकें असतात, आणि पाऊल कोणत्या कोनांत आहे याची वर्दी तीं क्षणोक्षणीं मेंदूस देत असतात. वाटेंत खडा लागला असतां आपण खालीं न पाहतांच तोल सांवरतों, त्यांत या वर्दीचा मोठा वांटा आहे. बंध फाटला म्हणजे ती मंदावते. फ्रीमन व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९६५ सालीं ब्रिटनमधील अस्थिशल्यविद्येच्या नियतकालिकांत हा विचार मांडला. ज्या रोग्यांकडून तोल सांभाळण्याचे व्यायाम करवून घेतले, त्यांचा पाय पुढें वरचेवर वळण्याचें प्रमाण इतरांहून बरेंच कमी राहिलें, असें त्यांस आढळलें. तात्पर्य, मुरगळलेल्या पायास विश्रांतीइतकीच शिकवणीचीही गरज असते.

या शिकवणीचे पाठ साधे आहेत. पहिला पाठ लवचीकपणाचा. भिंतीसमोर पाऊल ठेवून टांच न उचलतां गुडघा भिंतीस टेकवावा, आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेतां येतो तें बोटांनीं मोजावें. आमच्या उजव्या पायाचें अंतर सहा बोटें भरलें, डाव्याचें तीन. दुसरा पाठ शक्तीचा. सायकलीच्या जुन्या ट्यूबचा पट्टा पावलास अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूस ओढावें. त्यानें पाऊल आंत वळूं न देणारे स्नायु बळकट होतात. मग दोन्ही पायांवर, आणि पुढें एकाच पायावर उभें राहून टांच उचलावी. सुदृढ पायास हें एका दमांत वीसपंचवीस वेळां करतां यावें; आमची मजल प्रथम सहावरच अडली. तिसरा पाठ तोलाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. सकाळीं दांत घासतांना एका पायावर उभें राहावें. तें जमलें म्हणजे डोळे मिटून, आणि तेंही जमलें म्हणजे घडी घातलेल्या गोधडीवर. भिंत किंवा कठडा मात्र हाताशीं असावा.

धावण्यापूर्वीं सायकल, हा क्रम आवडीचा नसून हिशेबाचा आहे. धावतांना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या सुमारें दुप्पटतिप्पट भार एका पायावर येतो, आणि एका किलोमीटरांत अशीं हजाराच्या आसपास पावलें पडतात. सायकलीवर बराचसा भार बैठकीवर व हातांवर असतो. घोटा ठराविक मर्यादेंत वरखालीं होतो आणि बाजूस कलण्याचा प्रसंग येत नाहीं. धोका आहे तो सायकल थांबते तेव्हां. चौकांत थांबलों कीं आपण रस्त्याच्या कडेकडील डावा पाय टेकतों, आणि आमचा दुखरा पाय नेमका तोच. चाळीस वर्षांची संवय मोडून उजवा पाय टेकावयास शिकणें हें आम्हांस सर्व व्यायामांहून अवघड गेलें. म्हणून पांचव्या आठवड्यांत आरंभ केला तो पहाटे, रस्ता मोकळा असतांना, सपाटीवर वीस मिनिटांनीं. बैठक दोन बोटें खालीं घेतली, म्हणजे पाऊल सबंध टेकतें. बूट अडकवून ठेवणारीं पेडलें काढून साधीं पेडलें बसविलीं. कारण पहिल्या प्रकारांत बूट सोडवावयास टांच बाहेर पिळावी लागते, व कोंवळ्या बंधास तो पीळ सोसत नाहीं. महिन्याभरांत आम्ही खडकवासल्यापर्यंत जाऊन आलों.

धावण्यास नववा आठवडा उजाडला. तत्पूर्वीं पायाची परीक्षा घेतली: अर्धा तास भरभर चालून दुखूं नये, टांच दोन्ही पायांवर सारख्याच वेळां उचलतां यावी, आणि एका पायावर दहा उड्या न डगमगतां मारतां याव्या. मग एक मिनिट धावणें व चार मिनिटें चालणें, असे सहा फेरे, तेही कॉलेजच्या सपाट मैदानावर व एक दिवस आड. निकाल लागतो तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं. अंथरुणांतून उठून टाकलेल्या पहिल्या पावलीं घोटा आंखडलेला किंवा सुजलेला वाटला, तर एक पायरी मागें यावें. नाहीं तर धावण्याचें एक मिनिट वाढवावें. आधीं वेळ वाढवावा, मागाहून वेग, आणि टेकडीची खडबडीत वाट सर्वांच्या शेवटीं. आमची तळजाई अद्याप पंधरा दिवस दूर आहे.

येथवर सांगितलें तें आमच्या पायाविषयीं. हा लेख लिहिण्याचें खरें कारण मात्र दुसरा एक पाय आहे.

सहाव्या आठवड्यांतील एका सकाळीं आम्ही माडीच्या गॅलरींत गोधडीवर एका पायावर उभे होतों. वहिनी चहा घेऊन वर आल्या आणि हसून म्हणाल्या, "भावजी, बगळ्याचें व्रत घेतलेंत वाटतें!" आम्हीं त्यांसही उभें राहून पाहण्याचा आग्रह केला. उजव्या पायावर त्या सहज अर्धा मिनिट उभ्या राहिल्या. डाव्यावर चार मोजतां मोजतां त्यांचा तोल गेला व त्यांनीं कठडा धरला. पुन्हां करून पाहिलें, पुन्हां चारच. आमचा पाय त्याच सकाळीं वीस मोजेपर्यंत टिकला होता.

नऊ वर्षांपूर्वीं गौरीजेवणाच्या आदल्या दिवशीं ओल्या जिन्यावरून घसरून वहिनींचा पाय मुरगळला होता. दुसऱ्या दिवशीं घरांत पंचवीस पानें व्हावयाचीं होतीं. पायास फडकें बांधून त्या ओट्यापाशीं उभ्या राहिल्या, आणि पंधरा दिवसांत सूज उतरली म्हणून तो विषय संपला. तेव्हांपासून वर्षांतून एकदोनदां त्यांचा पाय वळतो. पूर्वीं त्या सायकलीवर नोकरीस जात. ती सायकल त्यांनीं सोडली. पर्वतीच्या पायऱ्याही सोडल्या. आम्हां सर्वांनीं त्यावर एक शब्द ठरवून टाकला होता: वहिनींचा पाय नाजूक आहे. नाजूक म्हटलें कीं तो माणसाचा स्वभाव ठरतो, दुखापत राहत नाहीं. आणि मग उपचाराचा प्रश्नच उरत नाहीं. आमच्या पायास उशी मिळाली, डॉक्टर मिळाले, शिकवणी मिळाली. आणि हें सर्व चालू असतां आमचा चहा व जेवण दिवसांतून तीनदां त्याच जिन्यानें वर आणीत होता, तो पाय हा असा होता. त्या सकाळचा चहा आम्हांस गोड लागला नाहीं.

"इतकीं वर्षें बोललां कां नाहीं?" आम्हीं विचारलें.

"कोणीं विचारलें तर सांगावयाचें ना, भावजी. आणि तसा दुखत नव्हता हो. नुसता भरंवसा नव्हता."

मोठमोठ्या ग्रंथांतील व्याख्येहून हें वर्णन आम्हांस अधिक नेमकें वाटलें. आम्ही त्यांस डॉक्टरांकडे घेऊन गेलों. जुन्या दुखापतीचा पायही शिकवितां येतो, शस्त्रक्रियेचा विचार तूर्त करण्याचें कारण नाहीं, असें त्यांनीं तपासून सांगितलें. तेव्हांपासून गॅलरींत दोन गोधड्या अंथरल्या जातात. चहाचें म्हणाल, तर तो आतां खालींच होतो, आणि तो करण्याची पाळी आमची व पुतण्याची असते. वहिनींचा डावा पाय परवां तीस मोजेपर्यंत टिकला.

एकत्र कुटुंबांत दुखणेकऱ्याच्या सेवेस माणसांची वाण पडत नाहीं, याचा आपण अभिमान बाळगतों, व तो अनाठायीं नाहीं. परंतु दुखणेकरी कोणास म्हणावयाचें, हें ठरवितांना आपली दृष्टि एका बाजूस अंमळ कमी पडते. आपल्या घरीं कोणाचा पाय "नाजूक" म्हणून ओळखला जातो, तें वाचकांनीं एकदां आठवून पाहावें. त्यांस कठड्याशेजारीं एका पायावर उभें करावें आणि मोजावें. दोन पायांच्या मोजणींत मोठें अंतर पडलें, तर तो स्वभाव नव्हे, राहून गेलेला उपचार आहे असें समजून डॉक्टरांस दाखवावें.

आमच्यापुरतें सायकलीची बैठक पुन्हां वर घ्यावयास आतां हरकत नाहीं. गेल्या रविवारीं त्यासाठीं पाना शोधीत होतों, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "राहूं द्या ना आणखी थोडे दिवस, आहे तशीच." तशीच ठेवली आहे.