आभासी गाव, खरे गाव



उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूर पाणी चमकताना तुम्ही पाहिले असेल. जवळ गेल्यावर मात्र तेथे पाणी नसते. मराठीत त्याला मृगजळ म्हणतात, उर्दूत सराब. हा निसर्गाने निर्माण केलेला आभास आहे. संगणकही असा आभास निर्माण करू शकतो. त्याला ‘आभासी वास्तव’ किंवा व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात.

त्यासाठी डोळ्यांवर एक खास चष्मा चढवावा लागतो. त्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, म्हणून चित्राला खोली येते. मान वळवली की दृश्यही बदलते. आपण खरोखर तेथेच आहोत असे वाटू लागते. असे एक सुरुवातीचे यंत्र अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये तयार केले होते.

हे केवळ खेळणे नाही. वैमानिक विमान चालवण्याचा आणि डॉक्टर शस्त्रक्रियेचा सराव अशा रीतीने करतात. सरावात चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही. घर बांधण्यापूर्वी त्यात फिरूनही येता येते.

मला मात्र याचा आणखी एक उपयोग मोलाचा वाटतो. भंडारा जिल्ह्यात वैनगंगा नदीवर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. शेतीला पाणी मिळावे म्हणून हे धरण बांधले. पण त्यासाठी अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली.

गाव म्हणजे केवळ घरे नव्हेत. पार, विहीर, शाळा, देऊळ, मशीद, कब्रस्तान, शेताची वाट या सर्वांचे मिळून गाव होते. एखादे गाव पाण्याखाली जाण्यापूर्वी त्याच्या गल्लीगल्लीचे असे चित्रण करून ठेवावे, असे माझे मत आहे. मग आजोबा नातवाला आपले अंगण दाखवू शकतील.

परंतु एक गोष्ट विसरू नका. आभासी विहिरीने तहान भागत नाही आणि आभासी शेतात धान्य पिकत नाही. चित्र जपले म्हणून गावकऱ्यांचे देणे फिटले, असे कोणी म्हणू नये. आधी त्यांना खरी जमीन, खरे घर आणि खरे पाणी मिळाले पाहिजे. आठवणींचे चित्र त्यानंतर.

मित्रांनो, नवी विद्या जरूर शिका. पण चष्मा उतरवल्यावर समोरच्या माणसाकडेही नीट पाहा.