घराचा भाव किती पाडून मागावा?



घर घ्यायला निघालेला आपला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो. "मालकाने अमुक सांगितले आहेत, आपण किती कमी सांगायचे? दहा टक्के चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर टक्क्यांत देता येत नाही. मालकाने सांगितलेली किंमत ही त्याची इच्छा असते. कोणी वाजवी सांगतो, कोणी पाच लाख चढवून ठेवतो. त्याच्या इच्छेतून दहा टक्के वजा केले म्हणजे आपला हिशेब झाला असे होत नाही. भाव खालून वर मोजत जावा लागतो. तो कसा, हे आमच्या मावसबहिणीच्या घराच्या निमित्ताने सांगतो.

ताई आणि दाजी वीस वर्षे कल्याण पूर्वेला भाड्याच्या खोलीत राहिले. दाजी रेल्वेच्या वर्कशॉपात, ताई एका प्रसूतिगृहात आया. पोरांची शिक्षणे मार्गी लागली आणि पै-पै करून सव्वासात लाख शिल्लक पडली, तेव्हा घराचा शोध सुरू झाला. पहिल्या दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी "घर विकले गेले" असा निरोप आला. त्यातल्या एका घराच्या गॅलरीत 'विकणे आहे' ही पाटी पुढे महिनाभर तशीच होती. तिसरे घर एका वृद्ध जोडप्याचे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला, मुलाकडे जायचे म्हणून विकणे. दाजींनी दारातच आपले आडनाव सांगितले. काकांनी "या, बसा" म्हटले, काकूंनी चहा ठेवला. किंमत सांगितली ३४ लाख.

दाजी त्याच रात्री इसार द्यायला निघाले होते. ताईने त्यांना आमच्याकडे आणले. दाजी म्हणाले, "माणसं चांगली आहेत हो. चहा पाजला. आता त्यांच्याशी घासाघीस कशी करायची?"

दाजींचे हे बोलणे आम्हाला आत कुठेतरी लागले. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. आज शंभर वर्षे उलटून गेली तरी कोणी जात न विचारता घर दाखवले की आपल्याला ते उपकार वाटतात आणि उपकाराची परतफेड आपण रोख लाखांत करायला निघतो! काकांनी केले ते साधे माणुसकीचे वागणे होते. ते त्यांनी विकायला काढलेले नव्हते. विकायला काढले होते ते घर, आणि भाव त्याचाच करायचा होता. हे दाजींना पटायला अर्धा तास लागला. मग आम्ही वही काढली.

पहिली गोष्ट, तशी घरे खरोखर कितीला गेली? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ मोफत पाहता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बसवावे, तासाभरात काढून देईल. त्याच इमारतीतली दोन घरे वर्षभरात विकली गेली होती, एक ३० लाख ५० हजारांना आणि एक ३१ लाखांना. नोंदलेली रक्कम कधी कधी खरी नसते, म्हणून ताईने जिन्यात भेटलेल्या बायकांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनाही विचारले. आकडा तेवढाच निघाला. इथे एक पाहावे. दलाल "साडेपाचशे फूट" म्हणाला, प्रत्यक्षात कार्पेट ३८० फूट भरले. कार्पेटची तुलना कार्पेटशीच करावी. दुसरी दोन्ही घरे तेवढीच होती, म्हणून मध्य धरला ३० लाख ७५ हजार.

दुसरी गोष्ट, या घरात काय घालावे लागेल? न्हाणीघराची ओल बेडरूमच्या भिंतीत उतरली होती आणि वायरिंग जुनी होती. ओळखीच्या मिस्त्रीने नीट पाहून १ लाख २० हजार सांगितले. सेक्रेटरींकडून आणखी एक कळले. इमारतीच्या दुरुस्तीचा ठराव झालेला असून प्रत्येक सभासदाला ६० हजार भरायचे आहेत. हे मालक आपण होऊन सांगत नाहीत, विचारावे लागते. दोन्ही वजा केल्यावर घराची किंमत आली सुमारे २९ लाख.

तिसरी गोष्ट आपला खिसा. इथे आपली माणसे हमखास चुकतात. किंमत आणि कर्ज एवढेच धरतात, बाकीचा खर्च ऐन वेळी पतपेढीच्या दारात उभा करतो. बँक ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला जास्तीत जास्त ९० टक्के देते, तेही करारातली किंमत आणि बँकेच्या माणसाने ठरवलेली किंमत यांत जी कमी असेल तिच्यावर. ३० लाखांचे घर धरले तर पदरचे ३ लाख, मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे २ लाख १० हजार, नोंदणी ३० हजार, सोसायटीची हस्तांतरण फी २५ हजार (२००१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे याहून जास्त मागता येत नाही, 'देणगी' म्हणूनसुद्धा नाही), दलालीचे ३० हजार आणि दुरुस्तीचे १ लाख २० हजार. बेरीज ७ लाख १५ हजार. शिल्लक सव्वासात. म्हणजे ३० लाख ही ताई-दाजींची शेवटची पायरी. ३४ लाखांना घेतले असते तर सव्वा लाखाची तूट पडली असती आणि कर्जही ३० लाखांपर्यंत गेले असते.

भाव करायला लाजणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या १ लाखाचा हप्ता ८६८ रुपये बसतो. वीस वर्षांत फेड होते २ लाख ८ हजार. जिभेवर न आलेल्या एका लाखाची किंमत ही आहे! दीघजाणू नावाच्या गृहस्थाला भगवंतांनी आय आणि व्यय यांचे पारडे तराजू धरणाऱ्याप्रमाणे पाहायला सांगितले होते. ते पाहायचे ते इसार देण्याआधी.

घर एकट्या स्त्रीच्या नावाने घेतले तर राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पतीचे नाव जोडले की ती जाते. ताईच्या नावाने घेतल्यास ३० हजार वाचत होते. दाजी थोडे गप्प झाले. बाबासाहेबांनी १९५१ साली ज्या कारणांनी मंत्रिपद सोडले, त्यांत हिंदू कोड बिलाचे रखडणे होते आणि त्या बिलात स्त्रीचा मालमत्तेचा हक्क होता, एवढेच आम्ही बोललो. घर ताईच्या नावावर झाले.

आता पहिला आकडा कोणता सांगायचा? हिशेब २९ चा, पायरी ३० ची, म्हणून २८ सांगायचे ठरले. याहून खाली, २५ वगैरे, सांगितले असते तर काकांनी बोलणेच थांबवले असते, आणि ते रास्त ठरले असते. दलालाने सल्ला दिला, "सांगा की दुसरीकडे २७ ला मिळतंय." ते आम्ही करू दिले नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणायचे आणि सोमवारी चौथे शील दलालाच्या हाती द्यायचे हे आपल्याला शोभत नाही. मात्र आपली शेवटची पायरी न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. विचारले तर "तो आमच्या घरचा हिशेब आहे" म्हणावे. त्याच दलालाचा दुसरा सल्ला, "करार २५ चा करा, बाकी रोख द्या." कराराची किंमत कमी दाखवली की कर्ज कमी मिळते. सरकारी दरतक्त्यापेक्षा खाली गेलात तरी शुल्क दरतक्त्याप्रमाणेच भरावे लागते. घराच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याने बंद आहे. आणि उद्या व्यवहार मोडला तर त्या रोख रकमेची पावती कोण देणार?

दाजींनी २८ सांगितले आणि वहीचे पान काकांपुढे ठेवले. काका रागावले. "माझ्या घरातली ओल मोजायला आलात का?" दाजी उठून आले आणि आठ दिवस आमच्याशीही धड बोलले नाहीत. पुढच्या रविवारी काकांचाच फोन आला, ३२. ताईने नम्रपणे सांगितले, "काका, दुरुस्तीचे साठ हजार तुम्ही भरत असाल तर आम्ही साडेएकोणतीस देतो. त्यावर आमची ताकद ओढूनताणून जाते." काका साडेतीसवर आले. ताई थांबली. घाई केली नाही, आणखी पाच हजार, दहा हजार असे चढवत बसली नाही. चार दिवसांनी काकू म्हणाल्या, "या पोरी, घेऊन जा चाव्या."

काकांना पैशाची निकड असती, घरात आजारपण असते, तर ताईने तिचा फायदा घेऊन आणखी दोन लाख पाडावेत असे आम्ही सुचवले नसते. हिशेबाचे पान दोघांनाही लागू असते. उलट आडनाव कळल्यावर ज्याचा भाव दोन-तीन लाखांनी चढतो, त्याच्याकडे भाव करत बसण्यात अर्थ नाही. तिथून उठावे. चढलेला भाव मान्य केला तरी त्या जिन्यात पुढची वीस वर्षे आपल्याच पोराबाळांना चढउतार करायची असते.

इसार ५० हजार, चेकने दिला. पावतीवर ठरलेली किंमत, साठ हजार कोणी भरायचे, आणि बँकेचे कर्ज मंजूर झाले नाही तर इसार परत, या तीन गोष्टी लिहून घेतल्या. तिसरी ओळ लिहायला काका कां-कूं करत होते, ताईने ती लिहूनच घेतली. साठेखत करताना सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि मूळ कागद कसे तपासावेत, ते पुढच्या अंकी.